बाटलीआधीची तीन वर्षं

सेंद्रिय वाइन हा नाशिककरांचा विषय, वाशिमला त्याचं काय, असं मंगरूळपीरकडचे संत्रा बागायतदार म्हणतील. पण डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन २०१८ मध्ये विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांत सुरू झालं, त्यांत आपणही आहोत. आणि सेंद्रिय पिकवणाऱ्याचा कस कुठे लागतो, हे द्राक्षात लख्ख दिसतं.

द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीनंतर परतीचा पाऊस रेंगाळला की पानाच्या खालच्या बाजूला डावणीची पांढरी बुरशी धरते आणि पाहता पाहता घडावर जाते. सेंद्रिय बागेत हाताशी असतं गंधक, ट्रायकोडर्मा आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. तेही जपून, कारण तांबं मातीत साठतं; युरोपात त्याला हेक्टरी वर्षाला सरासरी ४ किलोची मर्यादा आहे. मग पानं विरळ करून वेलीत वारा खेळता ठेवायचा. मजुरी वाढते ती इथे.

साखर २२ ते २४ ब्रिक्सला आली की घड पहाटेच्या गारव्यात तोडतात. देठ काढून मणी फोडतात. पांढऱ्या वाइनचा रस आधीच गाळून गार टाकीत आंबवतात. लाल वाइनचा सालीसकट, कारण रंग सालीत असतो. आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात, तो रोज पुन्हा रसात दाबावा लागतो. पुढे गाळ बसला की वरची निवळ काढून घेतात, मुरवतात, बाटलीत भरतात. टिकण्यासाठी सल्फाइट घालतात. युरोपाच्या २०१२ च्या नियमाने सेंद्रिय लाल वाइनमध्ये ते लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं; अमेरिकेत ‘सेंद्रिय वाइन’ म्हणायचं तर वरून घालताच येत नाही. थोडं सल्फाइट यीस्ट स्वतःच तयार करतं.

हे सगळं शिकता येतं. शेतकरी मोडतो तो त्याच्या आधी. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणीकरणात बहुवर्षायू पिकाला रूपांतराचे ३६ महिने लागतात. त्या काळात उत्पन्न घटतं आणि माल मात्र साध्या भावाने जातो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तोही द्राक्ष उत्पादकाचं नाव घेऊन. वाद पेटला तो विक्रीवरून. ही तीन वर्षं कोणी सोसायची, हा प्रश्न मागेच राहिला.

वाशिममध्ये वायनरी यावी असा माझा आग्रह नाही. पण संत्र्यालाही तेच ३६ महिने लागतात. सेंद्रिय शेती करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटांना प्रशिक्षण हवंच. त्याच्या जोडीला प्रमाणीकरणाचा पूर्ण खर्च सरकारने उचलावा आणि रूपांतराच्या काळात एकरी ठरावीक रक्कम थेट खात्यात द्यावी. जिल्हा नियोजन समितीपुढे ही मागणी नेण्यासाठी गटांनी आंबिया बहाराच्या गडबडीआधीच ठराव करून ठेवावेत.