"एवढे पैसे लावले" म्हणून धंदा चालू ठेवू नका!

या आठवड्याच्या व्हिडिओत अणुशक्तीवर उडणाऱ्या विमानाची गोष्ट सांगितली, तर काही जणांनी लिहिलं, "सर, आमच्या दुकानदारीचा आणि विमानाचा काय संबंध?" संबंध आहे, आणि चांगलाच आहे. व्हिडिओत घाई झाली, म्हणून इथे नीट मांडतो.

आधी तिवस्यातली गोष्ट. आपल्या बॅचमधल्या एका भाऊंनी दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून लाकडी घाणा टाकला. शेंगदाणा, तीळ, जवस, सगळ्याचं शुद्ध तेल. तेलाला नाव ठेवायला जागा नाही. पण दुकानातल्या पाकिटापेक्षा ते बरंच महाग पडतं, म्हणून गिऱ्हाईक एकदा नेतं आणि परत येत नाही. आता ते घरातले दागिने गहाण ठेवून दुसरा, मोठा घाणा घ्यायला निघालेत. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाले, "सर, एवढे पैसे लावले, आता मागं कसं येऊ जी?"

अमेरिकेचंही अगदी असंच झालं होतं.

१९४६ मध्ये तिथल्या हवाई दलाने ठरवलं की अणुशक्तीवर चालणारं बॉम्बर विमान बनवायचं. कल्पना साधी होती. जेट इंजिनात इंधन जाळून हवा तापवतात. त्या जागी अणुभट्टीने हवा तापवायची. मग इंधन भरायला खाली उतरायचं कामच नाही, विमान दिवसचे दिवस आकाशात राहील. कागदावर एकदम भारी!

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. अणुभट्टीतून किरणोत्सर्ग होतो. वैमानिकांना वाचवायचं तर मधे जाडजूड, वजनदार कवच पाहिजे. आणि वजन म्हणजे विमानाचा दुश्मन.

काम मात्र जोरात सुरू होतं. १९५५ ते १९५७ या काळात एका मोठ्या बॉम्बरमध्ये अणुभट्टी ठेवून ४७ उड्डाणं केली. वैमानिकांची केबिन शिसं आणि रबराने मढवलेली, तिचंच वजन ११-१२ टन. आणि त्या अणुभट्टीवर विमान उडतच नव्हतं! ते उडत होतं नेहमीच्याच इंजिनांवर. अणुभट्टी फक्त कवचाची परीक्षा घ्यायला आत बसवली होती. १९५६ मध्ये आयडाहो राज्यात जमिनीवर अणुभट्टीच्या उष्णतेने जेट इंजिन चालवूनही दाखवलं. तिथे या विमानासाठी मोठं हँगर बांधलं. विमान काही आलं नाही.

दरम्यान बाजार बदलला. जानेवारी १९५७ मध्ये तीन बी-५२ विमानांनी हवेतल्या हवेत इंधन भरत ४५ तासांत पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. मग लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आली. ज्या गरजेसाठी विमान बनत होतं, ती दुसऱ्याच मार्गाने भागली. तरी काम थांबेना. १९५८ च्या डिसेंबरमध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाने छापलं की रशियाचं असं विमान उडतंय. बातमी खोटी निघाली, पण "शेजाऱ्याने केलं, आपण मागे राहू" ही भीती किती जोरात काम करते, ते आपल्या गावातही दिसतंच. शेवटी २८ मार्च १९६१ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी प्रकल्प बंद केला. १५ वर्षं आणि सुमारे १०० कोटी डॉलर गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्हीच तर सांगता की धीर धरा. बरोबर आहे. धीर धरल्याशिवाय कोणताच धंदा उभा राहत नाही. पण मला वाटतं, आम्ही ट्रेनर मंडळी "हार मानू नका" एवढंच सांगून मोकळे होतो आणि अर्धीच गोष्ट सांगतो. धीर कुठे धरायचा आणि कुठे नाही, हे ओळखायची एक खूण आहे. किती पैसे गेले, किती मेहनत झाली, हे मोजू नका. मुख्य अडचण कमी होतेय का, ते मोजा. अमेरिकेत इंजिन सुधारत होतं, भट्ट्या सुधारत होत्या. कवचाचं वजन मात्र विमानाच्या मानगुटीवरून उतरायला तयार नव्हतं.

आणि गंमत बघा. तीच अणुशक्ती पाणबुडीत मस्त चालली. अमेरिकेची 'नॉटिलस' जानेवारी १९५५ मध्येच अणुशक्तीवर निघाली. पाणबुडीला जड कवच पेलतं, कारण वजन पाणी उचलतं. आपल्या 'अरिहंत' पाणबुडीच्या अणुभट्टीमागेही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं काम आहे. म्हणजे शक्ती वाया गेली नाही. ती चुकीच्या गाडीला जुंपली होती.

भाऊंना मी हेच सांगितलं. तुमची मुख्य अडचण भाव आहे. मोठ्या घाण्याने तेल जास्त निघेल, पण गिऱ्हाईक त्याच भावाला परत जाईल. मग दोन घाण्यांचा हप्ता कोण भरणार? त्यापेक्षा आहे तोच घाणा मजुरीवर चालवून बघा. शेतकऱ्याने आपला तीळ, जवस आणावा, तुम्ही तेल काढून द्यावं. मालात पैसा अडकत नाही, विकायची कटकट नाही. तीन महिने करा, रोजचा हिशोब वहीत लिहा. हप्ता निघाला तर पुढे जा. नाही निघाला तर घाणा विकून कर्ज हलकं करा.

दागिने मात्र घरातच राहू द्या. गेलेला पैसा परत आणायला घरचं सोनं पाठवायचं नसतं.

भाऊ थोडे नाराज होऊन गेले, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "सर, मजुरी किलोमागं किती लावू?"

तुमच्या धंद्यातली मुख्य अडचण कोणती, आणि ती वर्षभरात किती कमी झाली? कमेंटमध्ये खरं खरं लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!