बंदुकीवर क्रमांक आहे, कसोटीचा शिक्का नाही

अमेरिकेत स्वतःची रायफल स्वतः जुळवणे हा कायदेशीर छंद आहे. 1968 च्या केंद्रीय बंदूक कायद्यानुसार धंद्यासाठी बंदुका बनवणाऱ्याला परवाना लागतो. केवळ स्वतःच्या वापरासाठी बनवणाऱ्याला, काही राज्यांचे निर्बंध सोडले तर, तो लागत नाही. त्यामुळे नळी एका कंपनीची, बोल्ट दुसरीचा, चाप तिसरीचा असे भाग मागवून गॅरेजमध्ये रायफल उभी करणारे हौशी तिथे भरपूर आहेत. हौसेची परीक्षा होते ती नेमबाजीच्या मैदानावर. चार गोळ्या सुटतात, पाचवे काडतूस अडकते, रिकामे टरफल बाहेर पडत नाही. मग बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा, गनस्मिथचा शोध सुरू होतो. अनेक गनस्मिथ असे काम हाती घ्यायला नाखूश असतात आणि हौशी मंडळी त्यांच्या नावाने बोटे मोडतात. पण चूक त्यांची नाही. बनवण्याचे स्वातंत्र्य देताना तपासणीची जबाबदारी कुणावरच न टाकणाऱ्या कायद्याची ती चूक आहे. घरी जुळवलेली रायफल वापरात येण्यापूर्वी तिची कसोटी घेणे अमेरिकेने सक्तीचे करायला हवे.

मुळात चांगले भाग एकत्र आणले की चांगली वस्तू तयार होते, हा समज तपासून पाहायला हवा. कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीत बसावा, ही कल्पना अमेरिकेत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रशाळांमध्ये. हार्पर्स फेरीला जॉन हॉल याने ती प्रत्यक्षात आणली, पण त्यासाठी त्याला खास यंत्रे आणि मापे तपासणारे गेज यांची फौज उभी करावी लागली. भागांची अदलाबदल शक्य झाली ती या तपासणीच्या शिस्तीमुळे. आजचा हौशी त्या शिस्तीचे फळ घेतो, शिस्त मात्र घेत नाही. त्याची आवडती एआर-15 रायफल आर्मालाइट कंपनीत यूजीन स्टोनरने 1950 च्या दशकात घडवली. 1959 मध्ये कोल्ट कंपनीने तिचे हक्क घेतले. पुढे पेटंटची मुदत संपली आणि अनेक कारखाने तिचे भाग बनवू लागले. प्रत्येकाने मापात थोडी सूट गृहीत धरलेली असते. एकेक भाग आपापल्या मर्यादेत अगदी बरोबर असतो, पण चार कारखान्यांच्या चार सुटी एकाच दिशेने साचल्या की बोल्ट नीट बंद होत नाही किंवा काडतूस वेळेवर सरकत नाही. कारखान्यात हे गेजवर आणि चाचणीच्या गोळीबारात पकडले जाते. घरी ते पकडायला कुणी नसते.

आता हीच रायफल गनस्मिथच्या टेबलावर येते तेव्हा त्याच्यापुढे काय असते ते पाहा. कारखान्याच्या रायफलीत एक भाग बिघडलेला असतो आणि बाकीचे बरोबर आहेत असे धरून चालता येते. इथे काहीच धरून चालता येत नाही. दोष शोधण्यातच इतके तास जातात की मजुरी रायफलीच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. वर जबाबदारीचा प्रश्न आहे. उद्या नळी फुटली तर कोर्टात खेचायला निर्माता नाही. शेवटचा हात लावणारा व्यावसायिक तेवढा सापडतो. शिवाय 2022 च्या केंद्रीय नियमाने, घरी बनवलेली बिनक्रमांकाची बंदूक परवानाधारक गनस्मिथने ठेवून घेतली तर तिच्यावर क्रमांक कोरून नोंद करणे बंधनकारक केले. त्याच दिवशी दुरुस्त करून मालकाला परत दिली तर सूट दिली. परिणाम उलटाच होतो. नीट तपासायला वेळ लागणारी रायफल घाईने हाताळली जाण्याची किंवा मालकाने ती गनस्मिथकडे न नेण्याचीच शक्यता वाढते.

अमेरिकी कायद्याची नजरच चुकीच्या जागी खिळली आहे. एआर-15 मध्ये कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ म्हणजे खालचा सांगाडा, ज्यात चाप बसतो. क्रमांक त्याच्यावर. अर्धवट बनवलेले सांगाडे आणि जुळवणीचे संच यांवरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च 2025 मध्ये न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सरकारचा तोच 2022 चा नियम उचलून धरला. गुन्ह्याचा माग काढण्यासाठी क्रमांक उपयोगी आहेच. पण गोळी सुटताना दाब सोसतात ते नळी आणि बोल्ट. .223 रेमिंग्टन काडतुसासाठी मान्य कमाल दाब दर चौरस इंचाला 55,000 पौंड आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त. हा दाब नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर निर्माण होतो, आणि तो सोसणारे भाग कुणी जोडले, कसे जोडले, हे कायदा विचारत नाही. ब्रिटनने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे कसोटीगृह 1813 मध्ये स्थापन झाले. तिथे बंदुकीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवतात आणि ती टिकली तरच शिक्का मारतात. हा शिक्का नसलेली बंदूक विकणे गुन्हा ठरतो. युरोपातील अनेक देश एकमेकांचे असे शिक्के मानतात. अमेरिकेत अशी सक्ती नाही.

घरगुती निर्मितीवर तपासणी लादणे अमेरिकी स्वभावात बसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्याच देशातल्या घरगुती विमानांकडे पाहावे. तिथे सामान्य माणूस स्वतःच्या शेडमध्ये विमान बांधू शकतो. मात्र उड्डाणाआधी विमान वाहतूक प्रशासनाचा निरीक्षक किंवा त्याने नेमलेला तज्ज्ञ ते तपासतो, ठरावीक तासांची चाचणी उड्डाणे मर्यादित क्षेत्रात करावी लागतात, आणि ते प्रायोगिक असल्याचे विमानावर ठळक लिहावे लागते. या अटींमुळे हौस मेली नाही. उलट तिला प्रतिष्ठा आली. आपल्याकडेही कांदिवलीच्या अमोल यादव यांनी गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी 2017 मध्ये झाली, तेव्हा घरच्या निर्मितीलाही सरकारी तपासणीतून जावे लागते हे मराठी वाचकांनी पाहिले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की विमान लोकांच्या डोक्यावर कोसळते, रायफल बिघडली तर मालकाचेच नुकसान. हे खरे नाही. मैदानावर शेजारी इतर नेमबाज उभे असतात आणि उद्या ती रायफल दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. दुसरा आक्षेप, गुन्हेगार कसोटीला येणारच नाहीत. बरोबर, पण ही सूचना गुन्हेगारांसाठी नाहीच. रायफल दुरुस्तीसाठी उघडपणे कारागीर शोधणारा माणूस कायदा पाळू इच्छितो. त्याला सुरक्षित वाट देणे एवढाच हेतू आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: तपासणी म्हणजे मागच्या दाराने मालकांची यादी. 1986 च्या कायद्याने केंद्र सरकारला अशी नोंदवही उभारायला मनाई केली आहे आणि तिथल्या बंदूकधारकांची ही भीती खोटी नाही. पण नळीवरचा ब्रिटिश शिक्का मालकाचे नाव सांगत नाही. ही नळी दाबाला टिकली, एवढेच सांगतो. नोंदीविना कसोटी शक्य आहे. आणि कसोटीत उतरलेली रायफलही अडखळू शकते, हे मान्य. मात्र तेव्हा प्रश्न उरतो गैरसोयीचा, जिवाचा नाही. गनस्मिथही ती निर्धास्तपणे हातात घेईल.

शेवटचा प्रश्न न्यायाचा आहे: कारखान्यांना सरकारी कसोटीची सक्ती नसताना ती हौशावर का? कारण कारखान्यामागे नाव, विमा आणि नुकसानभरपाईचे दावे उभे असतात. रेमिंग्टनच्या मॉडेल 700 रायफलीच्या चापाबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी होत्या. शेवटी न्यायालयीन तडजोडीत सुमारे 75 लाख बंदुकांसाठी दुरुस्ती किंवा भरपाईची तरतूद झाली. उशीर झाला, पण ग्राहकांना दाद मागायला दार होते. घरी जुळवलेल्या रायफलीला तसे दार नाही. भारतात शस्त्र कायदा, 1959 नुसार बंदूक बनवायलाच काय, दुरुस्त करायलाही परवाना लागतो, त्यामुळे हा पेच आपल्याकडे या रूपात येत नाही. अमेरिकेने आपले स्वातंत्र्य सोडून आपल्यासारखे व्हावे, अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण जो स्वतःला निर्माता म्हणवतो, त्याने निर्मात्याची जबाबदारीही घेतली पाहिजे, आणि ती जबाबदारी रायफल अडकल्यावर गनस्मिथच्या गळ्यात टाकता येत नाही. कसोटी आधी, गोळी नंतर, हाच क्रम कायद्याने लावून द्यायला हवा.