ॲड-ब्लॉकर वाचवायला अपडेट बंद केलंत? मग हे वाचाच

गेल्या दिवाळीत साताऱ्याला मामाकडे गेलो होतो. मामेबहीण लॅपटॉपवर कुठल्यातरी परीक्षेचा फॉर्म भरत बसली होती. फी भरायची वेळ आली, ओटीपी आला, आणि मी सवयीप्रमाणे मधे नाक खुपसलं. क्रोमच्या मेनूत जाऊन 'क्रोमबद्दल' हे पान उघडलं. आवृत्ती १३३. बाहेर तेव्हा १४१ चालू होती. खाली एक ओळ होती, अपडेट तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केली आहेत, अशा अर्थाची. घरात ॲडमिनिस्ट्रेटर कोण? मामा तर फोनवर टॉर्चसुद्धा आम्हाला विचारून लावतो.

"अगं, हे कोणी केलं?"

"मीच केलं दादा. नाहीतर माझं ॲड-ब्लॉकर गेलं असतं."

फेब्रुवारीत तिच्या क्रोमने 'युब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद केलं होतं. तिने ते परत चालू केलं. मग एका व्हिडिओत कोणीतरी सांगितलं की पुढच्या अपडेटनंतर ते परत चालूच करता येणार नाही, त्यामुळे अपडेटच बंद करा. व्हिडिओखालच्या लिंकवरून तिने एक छोटी फाइल उतरवली, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केली, आणि झालं. आठ महिने तिला एकही जाहिरात दिसली नाही. त्याच लॅपटॉपवर तिचं बँकेचं लॉगिन, डिजिलॉकर, सगळं.

मला तिचा राग आला नाही. व्हिडिओवाल्याचा आला. त्यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की त्याची अर्धी माहिती खरी होती.

नेमकं झालं काय होतं?

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरमध्ये बाहेरून बसवलेला छोटा प्रोग्रॅम. त्याने ब्राउझरशी कसं बोलायचं, त्याला कशाला हात लावता येईल आणि कशाला नाही, याची एक नियमावली असते. क्रोममध्ये तिला 'मॅनिफेस्ट' म्हणतात. बरीच वर्षं तिची दुसरी आवृत्ती चालली. २०१८ च्या शेवटी गुगलने तिसऱ्या आवृत्तीचा आराखडा पुढे आणला आणि जानेवारी २०२१ मध्ये क्रोम ८८ पासून ती वापरात आली. जुनी नियमावली बंद करायची तारीख मात्र ओरडा झाल्यामुळे पुढे पुढे जात राहिली.

शेवटी जून २०२४ मध्ये क्रोमच्या चाचणी आवृत्त्यांत इशारे दिसू लागले, की हे एक्स्टेन्शन लवकरच चालेनासं होऊ शकतं. ऑक्टोबरपासून तुमच्या-आमच्या नेहमीच्या क्रोममध्ये जुनी एक्स्टेन्शन्स बंद व्हायला लागली. सुरुवातीला एक बटण दाबून ती परत चालू करता येत होती. जुलै २०२५ मध्ये क्रोम १३८ मध्ये तेही बटण गेलं. कंपन्यांच्या आयटी विभागांना दिलेली सवलत १३९ मध्ये संपली.

तर व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता. युब्लॉक ओरिजिन क्रोममधून खरंच जाणार होतं, आणि गेलं.

आता यात बदललं काय? सोसायटीच्या गेटचं उदाहरण घेऊ. जुन्या पद्धतीत तुमचा स्वतःचा माणूस गेटवर उभा असायचा. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, कुठून आला, कोणाकडे चालला ते बघून, आत सोडायचं की नाही हे तो जागच्या जागी ठरवायचा. पान उघडताना तुमचा ब्राउझर दहा ठिकाणांहून माल मागवतो, त्यातली प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनच्या नजरेखालून जायची. नव्या पद्धतीत तुमच्या माणसाने आधीच एक यादी लिहून द्यायची. 'या या लोकांना सोडू नका.' गेटवर सोसायटीचा वॉचमन, म्हणजे खुद्द ब्राउझर, ती यादी हातात घेऊन उभा राहणार. यादीत नसलेला चेहरा संशयास्पद वाटला तरी तुमच्या माणसाला त्या क्षणी अडवता येणार नाही.

यादीच्या लांबीवरूनही भांडण झालं. सुरुवातीच्या प्रस्तावात एका एक्स्टेन्शनला फक्त ३०,००० नियम देता येणार होते. मोठ्या ॲड-ब्लॉकरच्या याद्या याच्या कितीतरी पुढे जातात. टीका झाल्यावर गुगलने मर्यादा बरीच वाढवली. पण जागच्या जागी निर्णय घेण्याची ताकद परत दिली नाही.

मग गुगल खलनायक का?

इतकं सोपं नाही ते. गुगलचं म्हणणं असं, की तुमच्या प्रत्येक क्लिकवर नजर ठेवणारा तिसरा माणूस गेटवर असणंच धोक्याचं. या म्हणण्यात दम आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' आठवतंय का? न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं हे एक्स्टेन्शन वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्या कोणालातरी विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून संशयास्पद कोड घुसवला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलला ते सगळीकडे बंद करावं लागलं. २०२४ च्या नाताळात 'सायबरहेवन' या चक्क सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीचं एक्स्टेन्शन असंच पळवलं गेलं. कंपनीच्या एका माणसाला फसवा ईमेल आला, त्याने परवानगी दिली, आणि सुमारे चार लाख लोकांनी वापरलेल्या एक्स्टेन्शनची चोरांनी बनवलेली आवृत्ती अपडेट म्हणून बाहेर पडली. नव्या नियमावलीत एक्स्टेन्शनला बाहेरच्या सर्व्हरवरून ऐनवेळी कोड आणून चालवायला बंदी आहे. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण दुसरी बाजूही बघा. नव्या नियमावलीत एक्स्टेन्शनला मागण्या *अडवता* येत नाहीत; परवानगी असेल तर *बघता* मात्र अजूनही येतात. म्हणजे हेरगिरी करणाऱ्याचं फारसं बिघडलं नाही, अडवणाऱ्याचं बिघडलं. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' या संस्थेने २०२१ मध्येच यावर कडक टीका केली होती. शिवाय गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या २०२४ च्या कमाईत जाहिरातींचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश होता. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिराती अडवणाऱ्यांचे नियम ठरवायचे, हे मला खटकतं. हेतू कितीही शुद्ध असला तरी खटकतं.

तरीसुद्धा अपडेट बंद करणं हा यावरचा उपाय नाही. त्याने गुगलचं काहीच अडत नाही, अडतं ते फक्त तुमचं.

आठ महिन्यांत काय काय होतं

क्रोमची मोठी आवृत्ती तेव्हा साधारण चार आठवड्यांनी यायची. मधल्या काळात सुरक्षेची छोटी अपडेट्स २०२३ पासून दर आठवड्याला येतात. यातली बरीचशी दुरुस्ती अशा भोकांची असते जी कोणीतरी शोधून कळवलेली असतात. पण काही भोकं चोरांना आधीच सापडलेली असतात. मार्च २०२५ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना असं एक सापडलं. रशियातल्या पत्रकारांना आणि शिक्षणसंस्थांना ईमेल जात होते. त्यातल्या लिंकवर क्लिक केलं की पुरे. काही डाउनलोड करायला नको, कशाला 'हो' म्हणायला नको. गुगलने क्रोम १३४ मध्ये दुरुस्ती दिली. माझी बहीण १३३ वर बसली होती.

तिच्यावर कोणी तो हल्ला केला नसणार, हे मलाही कळतं. तिच्या खात्यातून पैसेही गेले नाहीत. पण एकदा दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हे सगळ्या जगाला शोधता येतं. त्यानंतर जुना क्रोम वापरणारा प्रत्येक जण, कडी काढलेलं दार नुसतं लोटून झोपल्यासारखा असतो. आपल्याकडे 'सर्ट-इन' ही सरकारी यंत्रणा क्रोमबद्दल इशारे देते, त्याच्या बातम्या येतात, 'क्रोम वापरताय? सरकारचा गंभीर इशारा' वगैरे. बातमी वाचून लोक क्रोमलाच घाबरतात. इशाऱ्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं एवढंच, की अपडेट करा.

गंमत म्हणजे जुन्या आवृत्तीवर थांबून ॲड-ऑन वाचतातच असंही नाही. फायरफॉक्सचं बघा. त्यात प्रत्येक ॲड-ऑनवर मोझिलाची डिजिटल सही असते आणि ती सही तपासणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते. मे २०१९ मध्ये असं एक प्रमाणपत्र मोझिलाच्याच दुर्लक्षामुळे संपलं आणि जगभरातल्या लोकांची ॲड-ऑन्स एका रात्रीत बंद पडली. १४ मार्च २०२५ ला आणखी एक प्रमाणपत्र संपणार होतं. या वेळी मोझिलाने आधीच सांगून ठेवलं की फायरफॉक्स १२८ किंवा जुन्या लांब पल्ल्याच्या शाखेत ११५.१३ च्या मागे असाल, तर ॲड-ऑन्स बंद पडू शकतात. म्हणजे ॲड-ऑनसाठी अपडेट रोखून बसलेल्यांचीच ॲड-ऑन्स जायची वेळ आली.

म्हणून 'हे एक्स्टेन्शन चालणार नाही' असा इशारा दिसला की मी आधी एकच गोष्ट बघतो. कारण काय दिलंय? मालवेअर असल्यामुळे काढलं असेल तर विषय संपला, लगेच उडवा आणि महत्त्वाचे पासवर्ड बदला. लेखकाने वर्षानुवर्षं हातच लावला नसेल, तर ते टाकून दिलेलं घर आहे, दुसरं शोधा. आणि ब्राउझरनेच नियम बदलले असतील, जसं युब्लॉकचं झालं, तर एक्स्टेन्शनमध्ये खोट नाही. तेव्हा त्याच लेखकाने नव्या नियमांत बसणारी आवृत्ती काढलीय का ते बघायचं, किंवा ब्राउझर बदलायचा. तिन्ही इशारे दिसायला जवळपास सारखेच असतात, हा त्यांचा दोष आहे. लोक एकतर तिन्हींना घाबरतात, नाहीतर तिन्हींकडे कानाडोळा करतात.

फोनवर काय?

तुमच्यापैकी बरेच जण हे फोनवरच वाचत असणार आणि म्हणत असणार की आमच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन हा प्रकारच नाही. बरोबर. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती चालत नाहीत. म्हणूनच 'किवी' ब्राउझर इतका लोकप्रिय झाला होता, त्यात डेस्कटॉपची एक्स्टेन्शन्स चालायची. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या लेखकाने काम थांबवलं. अजून कोणाच्या फोनमध्ये किवी असेल तर तीच गोष्ट, एक्स्टेन्शन चालतंय म्हणून ब्राउझर सुरक्षित आहे असं नाही. सुरक्षेची अपडेट्स आता येणार नाहीत.

फोनवर ॲड-ब्लॉकर हवंच असेल तर मी फायरफॉक्स सुचवतो. त्यांनीही २०२० मध्ये अँड्रॉइडचा ब्राउझर नव्याने बांधताना बहुतेक ॲड-ऑन्स तोडली होती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवली. लोक चिडले होते, मीही. डिसेंबर २०२३ मध्ये दार परत उघडलं, सुरुवातीलाच चारशेहून जास्त ॲड-ऑन्स आली. पूर्ण ताकदीचं युब्लॉक ओरिजिन त्यात चालतं, कारण मोझिलाने अडवण्याची जुनी सोय काढणार नसल्याचं जाहीर केलंय. (मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गुगलला डीफॉल्ट सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून येतं. या धंद्यात कोणी कोणाचं पूर्ण सुटं नाही.) दिवसाच्या दीड जीबीत महिना काढणाऱ्याला जाहिराती अडवल्याचा फरक डेटामध्येही जाणवतो.

आणि एक गोष्ट जी ॲड-ब्लॉकरपेक्षा जास्त लोकांना लागू आहे. क्रोम १३९ ला किमान अँड्रॉइड १० लागतं. अँड्रॉइड ८ किंवा ९ चे फोन १३८ वर थांबले. आईबाबांकडे असे फोन भरपूर असतात, आपणच नवा घेतल्यावर दिलेले. क्रोम उघडतं, सगळं चालतं, फक्त आतली दुरुस्ती थांबलेली असते. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून आकडा बघा. ९ किंवा खाली असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार नकोत.

बहिणीच्या लॅपटॉपचं काय केलं ते सांगतो. ती फाइल नक्की काय काय करून बसलीय हे तिला माहीत नव्हतं, मलाही खात्री देता येईना, म्हणून फोटो आणि नोट्स पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने टाकलं. लक्ष्मीपूजनाची अख्खी दुपार गेली. मग माझ्या फोनवरून तिच्या बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला. क्रोममध्ये युब्लॉकच्याच लेखकाचं 'युब्लॉक ओरिजिन लाइट' टाकून दिलं, जे नव्या नियमांत बसतं. त्याची यादी एक्स्टेन्शनच्या अपडेटबरोबरच ताजी होते, त्यामुळे एखादी नवी जाहिरात चार दिवस जास्त दिसते. शेजारी फायरफॉक्सही टाकला, जुन्या युब्लॉकसकट.

परवा तिचा मेसेज आला. 'दादा, फायरफॉक्सच वापरतेय. पण मामीने माझ्या लॅपटॉपवर रेसिपीचा व्हिडिओ क्रोममध्ये लावला, दोन जाहिराती आल्या, ती म्हणे तुझ्या दादाने बिघडवलाय.'