आवडता चित्रपट आणि रविवारची उपासना

श्रद्धावान ख्रिस्ती माणसाने चित्रपट पाहावेत का, पाहावेत तर कोणते, आणि एखादा मनापासून आवडला तर चर्चमधल्या जीवनाशी त्याचा काय संबंध, याबद्दल ख्रिस्ती समाजात तीन मते आढळतात. चित्रपट हा जगाचा मोह आहे, मंडळीच्या सभासदाने त्यापासून लांब राहावे, हे पहिले. पाहायचेच तर धार्मिक चित्रपट पाहावेत, हे दुसरे. तिसरे अलीकडचे आणि शहरी आहे: चांगला चित्रपट मनाला जे देतो ते रविवारचे प्रवचन देत नाही, मग थिएटरलाच चर्च मानायला काय हरकत? तिन्ही मतांचे एकमेकांशी पटत नाही, पण तिन्हींचे गृहीत एकच आहे. चित्रपट आणि चर्च ही एकाच गिऱ्हाइकावर टपलेली दोन दुकाने आहेत, असे तिघेही धरून चालतात.

पहिल्या मताची परंपरा जुनी आणि वजनदार आहे. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनने खेळतमाशांविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रोमन रंगभूमी, रथांच्या शर्यती आणि आखाड्यातल्या झुंजी मूर्तिपूजेशी जोडलेल्या आहेत, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाच्या थाटामाटाचा त्याग करणाऱ्याने त्या पाहणे म्हणजे शपथभंग, असा त्याचा मुद्दा होता. माणसे मारण्याचा खेळ जिथे चालतो तिथे ख्रिस्ती माणसाने जाऊ नये, हे आजही कोणी नाकारणार नाही. गंमत ग्रंथाच्या शेवटी आहे. तिथे टर्टुलियन वाचकाला अखेरच्या न्यायदिवसाचा देखावा रंगवून दाखवतो आणि तोच खरा पाहण्याजोगा तमाशा असल्याचे सांगतो. पाहण्याची भूक त्यालाही नाकारता आली नाही.

विसाव्या शतकात हेच मत याद्यांच्या रूपाने आले. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी 1930 च्या दशकात ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ उभी केली. वाईट चित्रपट पाहणार नाही, अशी शपथ भाविक वर्षातून एकदा चर्चमध्ये घेत. 1936 मध्ये पोप अकरावे पायस यांनी ‘विजिलांती कूरा’ या परिपत्रकाने त्या कामाची पाठराखण केली. तिथे चित्रपटाच्या प्रभावाची जाण पक्की होती. बिघडले ते निवाड्यात. रोबेर्तो रोसेलिनीच्या ‘इल मिराकोलो’ला ईश्वरनिंदक ठरवून 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डिनल स्पेलमन यांनी बहिष्काराची हाक दिली. त्याची कथा फेदेरिको फेलिनीची होती आणि त्यात एक भूमिकाही त्याने केली होती. लुई बुन्युएलच्या ‘विरिदियाना’ला 1961 मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्याच्यावर आग पाखडली. पुढे 1995 मध्ये, सिनेमाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकननेच 45 उत्तम चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. त्या यादीत रोसेलिनी आहे, फेलिनी आहे आणि ‘नाझारिन’ हा बुन्युएलचा चित्रपटही आहे, तोही धर्म या भागात. चर्चने पुढे मन मोठे केले ही चांगलीच गोष्ट. पण ज्या दिग्दर्शकांना एका पिढीने वाळीत टाकले त्यांनाच पुढच्या पिढीने मखरात बसवले, तेव्हा सरसकट बंदीच्या बाजूला फारसा आधार उरत नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरा तर या मताच्या थेट विरोधात जाते. फादर थॉमस स्टीफन्सचे 1616 साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ लोकांपुढे वाचून दाखवण्यासाठी रचलेले होते. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणश्रवणाची सवय मोडायची सोडून त्याने तिला नवा विषय दिला. पुढे अहमदनगरच्या मंडळीत कीर्तन आले, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन दोन्ही उपासनेत रुजवले. टाळ-मृदंगाला विटाळ न मानणाऱ्या मंडळीने पडद्याला तो मानावा, याला कारण हवे. नुसते ‘आपल्यात चालत नाही’ हे कारण नव्हे.

दुसरे मत, म्हणजे धार्मिक तेवढेच पाहावे, दिसायला मवाळ आहे आणि म्हणूनच जास्त पसरलेले आहे. त्याच्या बाजूने सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला 1979 चा ‘जीजस’ मराठीसह शेकडो भाषांत गेला. त्याच्या आदल्या वर्षी आलेला तेलुगू ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ नावाने गावोगाव दाखवला गेला. ज्याने शुभवर्तमान कधी हातात धरले नाही, त्याला मैदानात ताणलेल्या कापडावर ते दिसले. ही कामगिरी नाकारण्यात अर्थ नाही. पण पडद्यावर ख्रिस्त दिसला की पाहणाऱ्याच्या मनात ठरलेलाच परिणाम होतो, हे गृहीत मात्र खुद्द भारतीय सिनेमाच्या जन्मकथेने खोटे पाडले आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण आणि राम उभे राहिले, आणि हे आपल्या लोकांसाठी कधी होणार या विचाराने ते पछाडले गेले. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि नंतरचे ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ ही त्याची फळे. ख्रिस्तावरच्या त्या मूकपटाने जगाला एक थोर कलावंत दिला, पण प्रचारकाच्या हिशेबात तो कुठेच बसत नाही.

उलट बाजूही पाहावी. पिएर पाओलो पासोलिनी मार्क्सवादी आणि नास्तिक. धर्माची विटंबना केल्याबद्दल 1963 मध्ये इटलीच्या न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. लगेच पुढच्या वर्षी त्याने मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढला आणि तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यात व्यावसायिक नट जवळजवळ नाहीत. वयस्क मरीयेच्या भूमिकेत त्याची स्वतःची आई आहे. मुलाच्या मरणापुढे कोसळणारी ती म्हातारी पाहिली, की गोऱ्यागोमट्या, निळ्या वस्त्रातल्या कॅलेंडरवरच्या मरीया फिक्या पडतात. चित्रपटाला कॅथलिक संघटनेचे पारितोषिक मिळाले. ‘धार्मिक चित्रपट’ ही जात दिग्दर्शकाच्या श्रद्धेवरून ठरवायची तर हा बाद होतो, आणि विषयावरून ठरवायची तर भाबडे, भडक आणि नुसतेच अश्रू काढणारे कितीतरी चित्रपट त्यात आपोआप शिरतात.

ख्रिस्ती माणसाच्या मनात घर करून राहतात ते चित्रपट बहुधा मंडळीचे रोजचे, कुरकुरते जीवन दाखवणारे असतात. गाब्रिएल अक्सेलचा 1987 चा डॅनिश चित्रपट ‘बाबेट्स फीस्ट’ हे त्याचे ठळक उदाहरण. जटलंडच्या किनाऱ्यावर एका कडक लुथरन पंथाची उरलीसुरली म्हातारी माणसे आहेत. संस्थापक पाळक वारला आहे, त्याच्या दोन मुली मार्टिने आणि फिलिपा मंडळी सांभाळतात. सभेत स्तोत्र संपते न संपते तोच जुन्या उखाळ्यापाखाळ्या निघतात: लाकडाच्या व्यवहारात कोणी कोणाला फसवले, तरुणपणी कोणाचे कोणाशी काय होते. पॅरिसच्या दंगलीतून पळून आलेली बाबेट त्यांच्याकडे चौदा वर्षे स्वयंपाक करते. तिला सोडतीत दहा हजार फ्रँक लागतात आणि ते सगळे ती एका जेवणावर खर्च करते. जिवंत कासव घरात आलेले पाहून मार्टिनेची झोप उडते. जेवायला तर बसायचे, पण चवीबद्दल अवाक्षर काढायचे नाही, असे ही भोळी माणसे आपसात ठरवतात आणि नेटाने पाळतात. लावे पक्षी, उत्तम वाइन, आणि टेबलाभोवती हवामानावर गंभीर चर्चा! पाहुणा जनरल तेवढा थक्क होऊन पदार्थांची नावे घेत राहतो. हळूहळू मात्र फसवलेला हसतो, फसवणारा कबूल होतो. प्रभुभोजनाचा अर्थ इतका नेमका सांगणारे प्रवचन विरळाच, आणि तरी त्यात प्रवचन म्हणून काही नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात या चित्रपटाचा दाखला दिला आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला इंगमार बर्गमनचा ‘विंटर लाइट’ (1963). पाळक टोमास आजारी आहे, त्याची श्रद्धा आटली आहे, धीर मागायला आलेल्या कोळ्याला तो आपलीच शंका ऐकवतो आणि कोळी आत्महत्या करतो. शेवटी दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये दुपारची उपासना आहे आणि बाकांवर एकच बाई, तीही नास्तिक. टोमास उपासना सुरू करतो. बर्गमन पाळकाचाच मुलगा. आत्मचरित्रात त्याने सांगितले आहे की हा शेवट त्याला वडिलांमुळे सुचला: एका खेड्यातला पाळक आजारपणाचे कारण देऊन प्रभुभोजन गाळू पाहत होता, तेव्हा म्हाताऱ्या वडिलांनी स्वतः उठून उपासना पुरी करायला लावली. आठ-दहा माणसांच्या मंडळीत पावसाळी रविवारी घंटा वाजवणाऱ्याला या चित्रपटाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

आता तिसरे मत. चित्रपट इतके देत असेल तर चर्च कशाला? याचे उत्तर संत ऑगस्टिनने सोळा शतकांपूर्वी देऊन ठेवले आहे. तरुणपणी कार्थेजला त्याला नाटकांचे वेड होते आणि तिथे तो मनसोक्त रडे. ‘कबुलीजबाब’ या आत्मकथेत तो त्या रडण्याची चिरफाड करतो: नाटकातल्या दुःखिताच्या मदतीला प्रेक्षकाला कोणी बोलावत नाही, त्याने फक्त हळहळावे एवढीच अपेक्षा असते. चित्रपटाविरुद्धचा यापेक्षा खरा आक्षेप कोणी केलेला नाही. तो चित्रपट पाहण्याच्या आड येत नाही. चित्रपटावर थांबण्याच्या आड मात्र नक्की येतो. अंधारात कोण आले, कोण आले नाही, याची नोंद थिएटर ठेवत नाही. मंडळी ठेवते, कधी कधी नको इतकी. कापणीच्या सणाला कोणी आणलेला भोपळा लिलावात कोण घेणार, गायनमंडळातल्या बेसूर काकांना कोण सांगणार, इस्पितळात पडलेल्या म्हातारीला दुपारचा डबा कोण नेणार, ही कामे पडद्यावरच्या करुणेने होत नाहीत. ज्या माणसाने पडद्यावरच्या बाबेटसाठी डोळे पुसले आणि आपल्या बाकावरच्या शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरला, त्याला चित्रपटही कळला नाही.

म्हणून मांडायचे ते एवढे: चित्रपट पाहणे शिकवतो आणि मंडळी त्या पाहण्याला काम देते. 1974 मध्ये कान महोत्सवात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट संघटनांचे पहिले संयुक्त परीक्षक मंडळ बसले. त्याने गौरवला तो फासबिंडरचा ‘अली: फिअर ईट्स द सोल’. त्यात कथा आहे एका उतारवयाच्या जर्मन मोलकरणीची आणि तिने लग्न केलेल्या मोरोक्कन कामगाराची. जिन्यात कुजबुजणाऱ्या शेजारणी, दुकानात सामान द्यायला नाकारणारा वाणी, टीव्हीचा पडदा लाथेने फोडणारा मुलगा. परक्याला घरात घेण्याविषयी शुभवर्तमान जे सांगते ते परीक्षकांना तिथे सापडले. असे चित्रपट धर्मग्रामाच्या सभागृहात दाखवावेत आणि मग बोलावे. मात्र शेवटचा निकाल फादरांनी किंवा पाळकांनी देऊ नये, नाहीतर चर्चेचा तास दुसऱ्या प्रवचनात जातो.

एक आक्षेप उरतो. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अनेक भाविक चित्रपट सोडतात, आणि त्याचा दाखला देऊन चित्रपट मुळातच त्याज्य असल्याचे सांगितले जाते. वस्तुतः दाखला उलटा आहे. उपवासात मांस सोडतात, गोडधोड सोडतात. या चांगल्या वस्तू आहेत म्हणूनच त्यांच्या त्यागाला मोल येते. चाळीस दिवस चोरी करणार नाही, असा नेम कोणी धरत नाही. उपवासकाळात चित्रपट सोडून ईस्टरनंतर पुन्हा तिकीट काढणाऱ्याने चित्रपटाची जागा अन्नाच्या पंगतीत आधीच मान्य केलेली असते. पहिले मत खरोखर टिकवायचे असेल, तर त्याच्या पुरस्कर्त्यांनी चित्रपट ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीही सोडायला हवा.