बारा गावचं पाणी



"मॅडम, ह्याची ही चौथी शाळा. कच्चाच असणार, जरा सांभाळून घ्या." ऑगस्टमध्ये एका वडिलांनी चौथीतल्या मुलाला वर्गाच्या दारात उभं करून मला सांगितलं. मुलगा शेजारीच होता, सगळं ऐकत होता. मानपाड्यात हे काही नवीन नाही. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहतायत, रस्त्याची कामं चालूच असतात. त्या कामांवर आलेली कुटुंबं काम संपलं की पुढच्या साइटवर जातात. वर्षाच्या मध्येच एक दाखला येतो, मध्येच एक जातो. आणि आपण शिक्षकही, मी धरून, त्या दाखल्याकडे बघून मनात तेच म्हणतो. टिकत नाही, म्हणजे कच्चा.

हे मला पटेनासं झालंय. का, ते एका बास्केटबॉलपटूच्या गोष्टीवरून सांगते. नकाशाच्या तासाला मी ती वर्गात सांगत असते. ह्या एका माणसामागे बोट फिरवलं की भूमध्य समुद्राला प्रदक्षिणा होते.

शारूनास यासिकेविचुस. (फळ्यावर नाव तुकडे पाडूनच लिहावं लागतं, आणि मुलांना तेवढ्यातच मजा येते.) जन्म १९७६, गाव कौनास, देश लिथुआनिया. ह्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत, पण तिथे बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात तो शिकला, खेळला. १९९८ मध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात त्याला कोणीच घेतलं नाही. मग तो परत आला आणि लिएतुवोस रितासकडून खेळला. तिथून स्लोव्हेनियातला ओलिंपिया, मग बार्सिलोना, मग इस्राएलमधला मकाबी तेल अवीव, मग अमेरिकेत इंडियाना आणि गोल्डन स्टेट, मग ग्रीसमधला पनाथिनाइकोस, तुर्कस्तानातला फेनरबाचे. मधेमधे जुन्या क्लबांकडे परतही गेला. एकूण नऊ क्लब, सात देश. गंमत म्हणजे स्वतःच्या गावच्या झाल्गिरिस क्लबकडून तो खेळला थेट शेवटच्या मोसमात, २०१३-१४ मध्ये.

दाखल्यांची एवढी चळत घेऊन तो आपल्या शाळेत आला असता, तर त्याला आपण कुठल्या बाकावर बसवलं असतं?

तो गार्ड होता. चेंडू पुढे घेऊन यायचा, डाव कुठला ते ठरवायचं आणि ज्याची जागा मोकळी होईल त्याच्या हातात नेमका चेंडू द्यायचा, हे गार्डचं काम. तो काही फार वेगवान नव्हता. त्याची ताकद पास देण्यात आणि लांबून नेम साधण्यात होती. आता बघा, पास हा एकट्याचा खेळ नाही. उंच खेळाडूला चेंडू डोक्यावर हवा की छातीशी, कोण डावीकडे वळतो, कोण दमला की गप्प होतो, हे प्रत्येक नव्या क्लबात त्याला पहिल्यापासून शिकावं लागलं असणार. तेही भाषा वेगळी, प्रशिक्षक वेगळा असताना. २००३ मध्ये बार्सिलोनाकडून, २००४ आणि २००५ मध्ये मकाबीकडून, २००९ मध्ये पनाथिनाइकोसकडून, असं चार वेळा त्याने युरोलीग जिंकली, तीन वेगवेगळ्या क्लबांबरोबर. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये लिथुआनियाने एनबीएच्या खेळाडूंनी भरलेल्या अमेरिकेला ९४-९० असं हरवलं, त्यात २८ गुण ह्याचे. चार वर्षांपूर्वी सिडनीच्या उपांत्य सामन्यात ह्याच अमेरिकेविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याचा नेम चुकला होता आणि लिथुआनिया दोन गुणांनी हरला होता.

पण मला ह्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो इंडियानाचा. युरोलीग सलग तीनदा जिंकून २००५ मध्ये तो तिथे गेला, आणि जमलं नाही. दीड मोसमात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तिथेही बाकावर बसणंच जास्त. २००७ मध्ये तो ग्रीसला गेला आणि दोन वर्षांत पुन्हा युरोपचा विजेता झाला. माणूस तोच, हात तेच. मधल्या काळात तो कच्चा झाला होता का?

आपल्याकडेही उदाहरण आहे. कल्याणकडचा गिरीश इरनाक मुलांना प्रो कबड्डीमुळे माहीत असतो. पुणेरी पलटणचा कर्णधार झाला, बंगाल, गुजरात, यू मुंबाकडूनही खेळला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून उतरला. जागा डावा कोपरा. कोपऱ्याने पाय धरला की शेजारच्याने तत्क्षणी आत यायला हवं, नाहीतर चढाईवाला मध्यरेषेला हात लावून मोकळा. पकड फसली की प्रेक्षक कोपऱ्याला नावं ठेवतात. शेजारचा उशिरा आला, हे फार थोड्यांना दिसतं.

वर्गात तो शेजारचा म्हणजे आपण. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की वयानुसार वर्ग द्या आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवू नका. कागदावर आपण ते करतोही. यू-डायसवर नाव जुन्या शाळेत अडकलं तर फोन करकरून सोडवून घेतो. मात्र बाकावर बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात चाचणी घेतो आणि "अप्रगत" लिहून मोकळे होतो. त्याला काय येत नाही ते लगेच कळतं. काय येतं ते विचारायचं राहूनच जातं. मीही हे केलंय. ह्याच मुलाच्या बाबतीत केलंय.

गोष्ट सांगून झाली तेव्हा तो उठला. "मॅडम, माझे पण चार झाले." मी म्हटलं, ये, दाखव. भारताच्या नकाशावर त्याने जालना दाखवलं, मग सुरत, मग पनवेल, मग ठाणे. कोणाला न विचारता. वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्या मुलांना सुरत सापडत नव्हतं. मग कळलं की त्याला गुजराती पाट्या वाचता येतात. गुणाकार मात्र खरंच कच्चा आहे, ते नाकारत नाही. गुणाकार चांगला असलेल्या एका मुलीशेजारी त्याला बसवलं. ती त्याला पाढे म्हणायला लावते आणि तो तिला गुजराती अक्षरं काढून दाखवतो. भांडतातही भरपूर.

परवा वडील आले होते. साइट दिवाळीनंतर संपतेय, पुढचं काम बहुतेक तळोज्याला. मी त्याचं शिक्षण हमी कार्ड भरायला घेतलंय. सोबत एक साधं पान जोडणार आहे, पाचव्या शाळेतल्या बाईंसाठी. त्यात गुणाकार कुठपर्यंत आला ते लिहीन, पण सुरुवात सुरतपासून करीन.