आयातशुल्काने लाकूड उगवत नाही

औषधाची बाटली किंवा साबणाची वडी ज्या पांढऱ्या, कडक खोक्यात येते, त्याच्या पुठ्ठ्यावर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पहारा बसवला. नव्या लगद्याच्या बहुस्तरी पुठ्ठ्याला टनामागे ६७,२२० रुपये ही किमान आयात किंमत लागू झाली. मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. रोख मुख्यतः इंडोनेशियाच्या स्वस्त मालावर होता. कागद गिरण्यांना हायसे वाटले. खोकी बनवणारे छोटे कारखानदार मात्र कपाळाला हात लावून बसले, कारण त्यांचा कच्चा माल महागणार होता.

गिरण्यांची तक्रार खोटी नाही. कागदावर मूळ आयातशुल्क दहा टक्के असले तरी १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या आसियान देशांबरोबरच्या मुक्त व्यापार करारामुळे इंडोनेशिया-थायलंडच्या बहुतेक कागदावर ते टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. इंडोनेशियात सरकारी वनजमिनीचे प्रचंड पट्टे कंपन्यांना मिळतात; त्यावर पाच-सहा वर्षांत तोडणीला येणारी बाभळीच्या जातीची झाडे उभी राहतात आणि शेजारीच लगद्याचा अवाढव्य कारखाना असतो. (त्यापायी तिथली किती वर्षावने गेली, हा वेगळा विषय.) भारतात १९८८ च्या वनधोरणानंतर गिरण्यांना सरकारी जंगलावर विसंबता येत नाही आणि कमाल जमीनधारणा कायद्यामुळे मोठे रान स्वतः लावताही येत नाही. एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्यांकडून सुबाभूळ, निलगिरी गोळा करायची, ती कधी शेकडो किलोमीटरवरून आणायची. माल महाग पडणारच.

पण नुसत्या संरक्षणाने काय होते, ते नेपानगरने दाखवले आहे. खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातला वृत्तपत्री कागदाचा हा सरकारी कारखाना नेहरूंनी १९५६ मध्ये देशाला अर्पण केला. वृत्तपत्री कागदाची आयात अनेक वर्षे सरकारच्या मुठीत होती, कोटा होता, परवाने होते. तरीही कारखाना आजारी पडला. २०१६ मध्ये थांबलेले उत्पादन सरकारी पैसा ओतल्यावर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

या वादात वृत्तपत्रांनी साळसूदपणा मिरवू नये. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्री कागदावर दहा टक्के शुल्क लागताच एरवी स्वदेशीचे गोडवे गाणाऱ्यांना मुक्त व्यापार आठवला. ओरड इतकी झाली की फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच टक्क्यांवर आले.

आणि बल्लारपूर? चंद्रपूरच्या बांबूवर १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या या कागद कंपनीने २००७ मध्ये मलेशियातली साबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज घेतली. त्या व्यवहारात जंगलाचा पट्टाही होता. पुढे कर्ज वाढत गेले आणि २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिला बुडवायला परदेशी कागदाची गरजच पडली नाही, असे म्हणणे फारसे अन्यायाचे ठरणार नाही.

पडत्या भावाने माल ओतला जात असेल, तर तो जरूर अडवावा, पण मुदतीने आणि अटीवर. ज्या गिरणीला संरक्षण हवे, तिने लागवडीच्या वेळीच शेतकऱ्याशी किमान खरेदीभावाचा करार करावा. बांबूच्या वाटेतले कायद्याचे अडथळे तर कमी झाले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबू विकण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळाला. वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिला नाही. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो लावायला आता परवान्याची अडचण नाही. चार वर्षांनी तो कोण, काय भावाने घेणार, हे मात्र त्याला आज कुणी लेखी देत नाही.