गाव नसलेली भाषा

आजवर पाहिलेल्या चित्रपटांपैकी सर्वांत वाईट कोणता, असा विषय निघाला की आमचे उत्तर ठरलेले असते. ३१ ऑगस्ट २००७ रोजी प्रदर्शित झालेला ‘राम गोपाल वर्मा की आग’. या उत्तराने कोणी दचकत नाही, कारण फसलेल्या हिंदी चित्रपटांच्या बहुतेक याद्यांत त्याचे नाव असतेच. भाषाविषयक लेखनात त्याची आठवण काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. हा चित्रपट का कोसळला याची जी कारणे सांगितली जातात, त्यांत भाषेचे कारण सहसा कोणी सांगत नाही. आमच्या मते तेच मुख्य कारण आहे, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या मराठी माणसाला ते इतरांच्या आधी जाणवायला हवे.

प्रथम वस्तुस्थिती. १५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेल्या ‘शोले’ची ही नवी आवृत्ती. रामगढचे डोंगर सोडून कथा मुंबईत आणली गेली. बसंतीचा टांगा गेला आणि घुंगरूची रिक्षा आली. ठाकूरचे हात तोडले गेले होते, इथे मोहनलाल यांनी साकारलेल्या नरसिंहाची बोटे तोडली गेली. गब्बरच्या जागी अमिताभ बच्चन यांचा बब्बन आला आणि सांबाच्या जागी तांबे. चित्रपटाचे मूळ नाव ‘राम गोपाल वर्मा के शोले’ असे ठेवायचे होते. कायदेशीर वादामुळे ते बदलावे लागले. पुढे २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ‘शोले’च्या हक्कदारांच्या बाजूने निर्णय दिला आणि प्रतिवादींवर दहा लाख रुपयांची दंडात्मक नुकसानभरपाई बसवली.

वकिली करणाऱ्या आम्हांला या निकालापेक्षा त्यामागील जुने तत्त्व अधिक उद्बोधक वाटते. कॉपीराइट कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, कल्पनेच्या अभिव्यक्तीला देतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. त्या खटल्याचा विषय आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. वादीचे ‘हम हिंदुस्थानी’ नावाचे नाटक प्रांतवादावर होते आणि १९५६ सालचा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपटही प्रांतवादावरच होता. दिल्लीत खोली मिळावी म्हणून त्यातला पंजाबी तरुण स्वतःला तमिळ म्हणवून घेतो. नाटककाराचा दावा अखेर फेटाळला गेला. प्रांताप्रांतांतील दुराव्यावर कथा लिहिण्याचा मक्ता कोणा एकाकडे नाही, ती कथा ज्या रीतीने सांगितली ती रीत तेवढी तुमची, असा त्या निकालाचा आशय.

आता हेच तत्त्व समीक्षेला लावून पाहावे. कथेची कल्पना सर्वांची असते आणि अभिव्यक्ती एकाची. बोलपटात त्या अभिव्यक्तीचा फार मोठा भाग पात्रांच्या तोंडी असलेली भाषा हाच असतो. ‘शोले’ची कल्पना तरी कुठे स्वयंभू होती? गावकऱ्यांनी दरोडेखोरांविरुद्ध भाडोत्री लढवय्ये आणावेत ही कल्पना कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या ‘सेव्हन सामुराय’पासून जगभर फिरत होती. ‘शोले’ने ती उचलली आणि तिला स्वतःची वाणी दिली. त्यातला ठाकूर मोजके आणि कोरीव बोलतो. गब्बर खेडवळ हेलात शब्द चघळत बोलतो. बसंतीच्या बडबडीला स्वल्पविराम माहीत नाही. इमामसाहेबांची उर्दू संथ आणि जुन्या वळणाची आहे. लाकडाच्या वखारीतला सूरमा भोपाळी तर नावापासूनच आपल्या शहराचा आहे. हे आपोआप घडले नाही. पटकथालेखकांपैकी सलीम खान इंदूरचे आणि जावेद अख्तर यांचे महाविद्यालयीन शिक्षण भोपाळचे. त्या मुलखाचा कान त्यांच्याजवळ होता. म्हणूनच डोळे मिटून ऐकले तरी ‘शोले’त कोण बोलत आहे हे ओळखता येते.

यावर कोणी हरकत घेईल की रामगढ हे गावच काल्पनिक आहे, आणि त्याचे चित्रीकरण कर्नाटकात बंगळूरूजवळच्या रामनगर येथील खडकांत झाले. कन्नड मुलखातल्या दगडांवर बसून हिंदी बोलणाऱ्या डाकूंना कुठले गाव? हरकत वजनदार आहे, पण ती भूगोलाची आहे. बोलीला सातबाऱ्याचा उतारा लागत नाही. बोलणाऱ्यामागे माणसांचा एक समूह उभा आहे, त्याने हे शब्द कोणाकडून तरी ऐकले आहेत, कोणाशी तरी वापरले आहेत, एवढी खात्री श्रोत्याला पटली की पुरे. रामगढ नकाशावर नसेल, पण त्याच्या चावडीवर बसलेली माणसे एकमेकांना ओळखतात हे त्यांच्या बोलण्यावरून कळते.

‘आग’मध्ये ही खात्री कुठेच पटत नाही. कथा मुंबईत आणली, परंतु मुंबईची भाषा आली ती केवळ वेशभूषेसारखी. घुंगरूला टपोरी वळण दिले आहे, पण ते दुकानातून आणलेल्या झग्यासारखे अंगावर लोंबते. मोहनलाल यांच्यासारखा थोर नट हाताशी असूनही त्यांच्या दाक्षिणात्य वळणाच्या हिंदीचे काय करावे हे चित्रपटाला उमगले नाही. खरे तर मुंबईत असा अधिकारी आणि असा उच्चार यांत नवल काहीच नाही, त्यातूनच एक खरा माणूस उभा राहिला असता. आणि तांबे? सांबाशी यमक जुळावे एवढ्यासाठी आणलेले ते एक मराठी आडनाव. त्याच्यामागे ना घर, ना गाव, ना आईने मारलेली हाक. मूळ ‘शोले’त कालियाची भूमिका विजू खोटे यांनी आणि अहमदची सचिन पिळगावकर यांनी केली होती. दोघेही मराठी, आणि दोघेही त्या मुलखातलेच वाटावेत असे बोलले. इथे आडनाव मराठी आहे आणि मराठीपणाचा मागमूस नाही.

या अपयशाची खंत अधिक वाटते, कारण दिग्दर्शक भाषेला बहिरा नव्हता. हैदराबादच्या अमीरपेठ भागात व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवणाऱ्या या तरुण अभियंत्याने १९८९ साली तेलुगू ‘शिवा’ काढला आणि महाविद्यालयातल्या दादागिरीला तिची खरी भाषा मिळाली. पुढे १९९८ साली ‘सत्या’ आला. त्यातला भिकू म्हात्रे साकारणारे मनोज बाजपेयी बिहारचे, पण म्हात्रे हे आडनाव त्यांनी जिभेवर वागवले. हिंदी बोलतानाही हा माणूस मराठी घरातून उठून आला आहे हे पटते. म्हणजे एका तेलुगू दिग्दर्शकाने एका बिहारी नटाकडून मुंबईचा मराठी माणूस उभा केला. परभाषक असणे हा अडसर नव्हताच. अडसर आला तो ऐकणे थांबल्यावर.

आम्ही ‘आग’ पाहिला तो हैदराबादेतच. मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे असताना आजूबाजूला चाललेली शेरेबाजी पडद्यावरच्या संवादांपेक्षा कितीतरी जिवंत होती. ती दखनी होती, आणि दखनी ऐकताना मराठी कान टवकारतो. ‘नको’चे ‘नक्को’ तिने आपल्याकडूनच घेतले. ‘यहींच’, ‘मैंच’ यांतला ठासून सांगणारा ‘च’ हाही आपलाच. वाक्याच्या शेवटी आपण ‘म्हणून’ लावतो, तेलुगू माणूस ‘अनि’ लावतो, तिथे दखनी ‘बोलके’ लावते. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या भाषांनी एकमेकींच्या घरातून पीठमीठ उसने न्यावे तसा हा व्यवहार आहे. पण हिंदी चित्रपटाने या बोलीला दीर्घकाळ एकच काम दिले, हसवण्याचे. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये मेहमूद यांनी साकारलेला हैदराबादी नोकर लोकप्रिय झाला खरा, पण ही बोली नोकराने आणि विदूषकाने बोलायची, असा संकेतही त्यातून घट्ट झाला.

तो संकेत हैदराबादकरांनी स्वतःच मोडला. २००५ च्या सुमारास कुंटा निखिल यांचा ‘द अंग्रेज’ आला. पैसा बेताचा, नट अनोळखी, कथा साधी. परदेशातून आलेले दोन तरुण आणि चारमिनारच्या परिसरातली टोळी यांची ती गंमत. त्यातही हसू आहेच, पण ते हैदराबादी माणसाने आपल्याच लोकांत बसून हसलेले हसू आहे. तीच गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावची. शेख नासिर आणि त्यांच्या यंत्रमागनगरीतल्या सोबत्यांनी किरकोळ खर्चात ‘मालेगाव के शोले’ काढला. ‘शोले’चीच तीही नक्कल, आणि तंत्राच्या दृष्टीने ‘आग’च्या पासंगाला न पुरणारी. तरीही मालेगावकरांनी ती डोक्यावर घेतली, आणि त्या कलावंतांवर पुढे माहितीपट निघाला, हिंदी चित्रपटही निघाला. एकाच मूळ कृतीच्या दोन नकला. एकीजवळ पैसा आणि मोठे नट, दुसरीजवळ आपल्या गल्लीची बोली. लोकांचा कौल कोणाकडे गेला हे सर्वांना ठाऊक आहे.

हैदराबादचे नाव निघाले की मराठी वाचकाला आणखी एक चित्रपट आठवतो, नागराज मंजुळे यांचा २०१६ सालचा ‘सैराट’. करमाळ्याकडची ती मुले पळून जातात ती हैदराबादला. बुलेट चालवणारी, गावाला धाकात ठेवणारी आर्ची त्या शहरात एकाएकी मुकी होते, कारण तिथे तिची भाषा चालत नाही. झोपडपट्टीतली सुमनअक्का त्यांना आसरा देते, आणि तो आसरा प्रथम तिच्या मराठीतून मिळतो. मग आर्ची कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तेलुगू शिकते आणि पुन्हा उभी राहते. आईची भाषा जवळ असणे आणि शेजाऱ्याची भाषा शिकणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे इतक्या सहजपणे सांगणारे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. २०१८ साली ‘धडक’ या नावाने याच कथेचे हिंदी रूप आले. गाव उदयपूर झाले, हैदराबादचे कोलकाता झाले, आणि करमाळ्याची बोली जाताना जातीचा काचही बराचसा घेऊन गेली. ‘धडक’ ‘आग’इतका वाईट नाही. पण रोग तोच आहे.

हा रोग चित्रपटापुरता असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. न्यायालयात आम्ही तो रोज पाहतो. समजा, बेळगाव-चंदगडकडची एखादी आजी साक्षीत सांगते, ‘तो येऊलाला होता.’ म्हणजे तो येत होता, अजून पोहोचलेला नव्हता. नोंद घेताना कोणी ‘शुद्ध’ करून ‘तो आला होता’ असे लिहिले, तर आरोपी घटनास्थळी पोहोचला की नाही हाच मुद्दा उलटतो. बोलीतला एक प्रत्यय गेला आणि त्याबरोबर साक्षही गेली. अशा वेळी बोली ही शोभेची वस्तू नसून पुरावा असतो.

म्हणून सीमेपलीकडच्या आमच्या बांधवांना एक विनंती. आज बिदर-भालकीची, आदिलाबादची, निपाणी-खानापूरची तरुण मुले हातातल्या फोनवर लघुपट काढू लागली आहेत. शाळांची स्नेहसंमेलने होतात, गणेशोत्सवात एकांकिका होतात. त्यांत रंगमंचावर पाऊल ठेवताच मुले आपले ‘करूलालाय’, ‘करायलास’ दाराबाहेर ठेवतात आणि कुठल्याच गावाची नसलेली पुस्तकी मराठी बोलू लागतात. गावची बोली उरते ती गड्याच्या किंवा वेंधळ्या मामाच्या तोंडी, हशा मिळवण्यापुरती. ‘गुमनाम’चा संकेत आपण आपल्याच घरी चालवत आहोत. प्रमाण मराठी शिकावीच, ती आपल्या सर्वांना जोडणारी आहे आणि हा लेखही तिच्यातच लिहिला आहे. पण नायिका, न्यायाधीश, डॉक्टर आणि प्रियकर यांनीही एखाद्या नाटकात खानापूरच्या किंवा भालकीच्या मराठीत बोलावे. त्या मराठीत कन्नड, तेलुगू, दखनी शब्द येतील. येऊ द्यावेत, ते आपल्या शेजाराची साक्ष देतात.

वाईट चित्रपट काढण्याचा हक्क सर्वांना आहे, आणि सीमाभागातली मुले काही वाईट चित्रपट काढतीलच. कॅमेरा हलेल, आवाज फाटेल, प्रकाश कमी पडेल. ते सारे सुधारता येते. आमची अपेक्षा एवढीच की त्यांतल्या कोणाही पात्राने तोंड उघडताच प्रेक्षकांतल्या एखाद्या आजीने शेजारणीला सांगावे, ‘हा आपल्याकडचा दिसतो गं.’